खात्याचे पाय

खात्या झाडावरून पडून मेला, असं पिंपळखोरीत ठरलं होतं. नाकेदार उदेसिंगच्या ओट्यावर बसून पोलीस पाटील सुकरामनं ते ठरवलं आणि गावानं मुकाट्यानं ऐकून घेतलं. सरपणासाठी मोहावर चढला, पाय घसरला, खाली खडकावर आपटला, ताप भरला, गेला. कोणी विचारलं तर एवढंच सांगायचं.

खरं काय घडलं ते गावातल्या बहुतेकांनी पाहिलं होतं, उरलेल्यांनी पाहणाऱ्यांकडून ऐकलं होतं. भात पिवळं होऊन शेतात उभं होतं आणि त्याच वेळी सरकारी जंगलखात्याच्या नाक्यावरून वेठीचा सांगावा आला. उदेसिंगला स्वतःच्या घोड्यासाठी तबेला बांधायचा होता. खांब वाहायला, गवत कापायला, कूड लिंपायला माणसं हवी होती, आणि तीही फुकट. पावसाळा सरल्यापासून पिंपळखोरी फुकटच राबत होती. खात्या दोनदा जाऊन आला. तिसऱ्या वेळी म्हणाला, "भात घरात आलं की येतो."

उदेसिंगनं त्याला उचलून आणवलं आणि खोड्यात घातलं. खोडा म्हणजे सागाचे दोन ओंडके. दोन्हींना अर्धगोल खाचा पाडलेल्या. मध्ये माणसाचे पाय अडकवायचे आणि वरून खीळ ठोकायची. सरकारनं अशा गोष्टी कधीच्या बंद केल्या होत्या म्हणे, पण नाक्यामागे तो उघड्यावर पडलेला असायचा आणि एरवी त्यावर कोंबड्या बसायच्या. खात्या दिवसभर उन्हात पडून होता. कलत्या उन्हाला उदेसिंग येऊन म्हणाला, "कान धर, सोडतो." खात्यानं त्याला आईवरून शिवी हासडली. उदेसिंगनं जवळच पडलेली पहार उचलली आणि अडकलेल्या दोन्ही नडग्यांवर घातली.

पलीकडे वेठीवर आलेली माणसं तबेल्याचा कूड लिंपत होती. कोणाचाही हात थांबला नाही.

खाटेवर घालून खात्याला घरी आणलं तेव्हा त्याचे पाय गुडघ्याखाली निळेकाळे पडले होते. भात शेतातच गळून गेलं आणि तोही गेला. नाल्यापलीकडे त्याला पुरलं.

खात्याची बायको रमीबाई काही गोड स्वभावाची नव्हती. उंच, हाडापेरानं थोराड, आणि तोंड असं की भांडण नसलं तरी तिच्या बोलण्यात भांडण ऐकू यायचं. माती दिल्यानंतर ती एकेका दारात गेली. "तू होतास ना लिंपायला? तू पाहिलंस ना?" कोणी म्हणालं, माझी पाठ होती तिकडे. कोणी म्हणालं, मी पाणी आणायला गेलो होतो. एकानं तर तिच्या तोंडावर दार लावून घेतलं. सासूनं, धनुबाईनं, तिला अंगणातच अडवलं.

"माझा एक लेक राहिलाय अजून. त्याचेही पाय मोडून आणायचेत तुला?"

"मग गेलेला तुझा नव्हता?"

"गेला तो गेला. झाडावरून पडला. ऐकू येतं ना?"

रमीबाईला ऐकू येत होतं. तिनं त्या घरात पुन्हा चूल पेटवली नाही. नाल्याकाठी, पुरलेल्या जागेपासून हाकेच्या अंतरावर, तिनं कुडाचं खोपटं घातलं आणि पौषात गोरा प्रांतसाहेब तंबू घेऊन दौऱ्यावर येतो त्याची वाट बघत बसली.

साहेबाला कचेरीतलं मराठी येत होतं. रमीबाईला मावची या डोंगरातल्या बोलीपलीकडे काही येत नव्हतं. मध्ये दुभाषा लागणार होता, आणि पिंपळखोरीच्या आसपास दोन्ही भाषा नीट बोलणारा एकच माणूस होता. मिशनच्या शाळेचा मास्तर दावीद.

दावीद याच गावचा, जेठ्याचा मुलगा. जेठ्यानं बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावानं त्यांची विहीर बंद केली होती. विहिरीवर दावीदच्या आईचा हंडा ज्या बाईनं फोडला ती रमीबाई, आणि रात्री त्यांच्या कौलांवर दगड टाकणाऱ्यांत पुढे असायचा तो खात्या. आता दावीद टेकडीवरच्या मिशनच्या घरात राहत होता, सदरा घालत होता, आणि गावातून जाताना कोणाकडे बघत नव्हता. गावही त्याच्याकडे बघत नसे.

साहेबाचे तंबू रंगावली नदीकाठच्या आमराईत पडले, त्याच्या आदल्या दिवशी उदेसिंग घोड्यावरून शाळेत आला. खाली उतरलाही नाही. पाटी-पेन्सिली घेतलेली पोरं भिंतीला चिकटून उभी राहिली.

"मास्तर, तुन्हं काम सोपं शे," तो म्हणाला. "ती बाई काय बी बोलो, तू झाडच सांगजो."

"साहेब विचारतील तेच मी…"

"हाई शाळानं लाकूड कोन्हा जंगलनं शे? एक वासा बी चोरीना निंघना ना, तर शाळा बी गयी नि तू बी गया. याद ठेवजो."

त्याच संध्याकाळी दावीद पाद्रीसाहेबाकडे गेला. पाद्रीसाहेबानं दाढी कुरवाळली. मग म्हणाला, "आपण सरकारच्या मेहेरबानीवर आहोत, दावीद. तू भांडणात पडू नकोस." खोटं बोल असं त्यानं म्हटलं नाही. खरं बोल असंही म्हटलं नाही.

घरी त्याची बायको मरियम भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पिठाचे हात झटकले.

"तुझ्या आईचा हंडा कोणी फोडला होता?"

"माहीत आहे."

"मग तिच्यासाठी आपलं घर जाळणार आहेस? आज आपण मेलो तर ती बाई आपल्या मयताला येईल का?"

"नाही येणार."

"मग झाड सांग आणि घरी ये."

दावीदनं मान डोलावली. खरोखरच त्यानं तेच ठरवलं होतं.

आमराईत मोठ्या तंबूसमोर टेबल मांडलं होतं. साहेब खुर्चीत, शेजारी शिरस्तेदार, मागे हात बांधून उदेसिंग. एका बाजूला सुकराम पाटील आणि त्याच्यामागे अख्खी पिंपळखोरी. लोकांना साहेबाच्या तळाचं लाकूडपाणी करायला वेठीनंच आणलं होतं, तेच आता ऐकायला उभे होते. रमीबाई पुढे आली. साहेबाला तिनं हात जोडले नाहीत. दुभाषा कोण आहे ते बघून तिचा चेहरा आणखी कडवट झाला.

"हा?" ती मावचीत म्हणाली. "जेठ्याचं पोर? दुसरं कोणी नाही?"

"काय म्हणते?" साहेबानं विचारलं.

"नमस्कार म्हणते," दावीद म्हणाला.

मग ती बोलू लागली. रडली नाही, थांबली नाही. वेठ, भात, खोडा, शिवी, पहार. उदेसिंगकडे बोट दाखवून बोलली, सुकरामकडे बोट दाखवून बोलली, मागे उभ्या माणसांची नावं घेऊन बोलली. दावीद ऐकत होता. ती थांबली तेव्हा साहेबानं त्याच्याकडे पाहिलं.

दावीद म्हणाला, "तिचा नवरा झाडावरून पडून मेला. तिला काही मदत मिळावी असं ती म्हणते."

शिरस्तेदारानं लिहायला घेतलं. उदेसिंगनं बांधलेले हात सोडले. पण झाड हा शब्द मावचीतही वेगळा नव्हता. रमीबाईच्या कानावर तो पडला आणि ती जागच्या जागी वळली.

"झाड?" ती म्हणाली. "झाड कुठून आलं? मी झाडाचं नावही नाही काढलं!"

दावीदनं नजर शिरस्तेदाराच्या कागदाकडे वळवली.

तिनं पुढे होऊन त्याच्या सदऱ्याचा गळा धरला. शिपाई धावले, पण ती त्यांच्या हाती येईना. "तुमची विहीर आम्ही बंद केली म्हणून? आईच्या हंड्याचा सूड घेतोस? घे! माझ्या डोक्यावर हंडा फोड. पण त्याला झाडावर चढवू नको. तो झाडावर चढला नव्हता रे, तो भात कापायला निघाला होता!"

शिपायांनी तिला ओढून मागे केलं. साहेब उठून उभा राहिला होता. "काय चाललं आहे? काय म्हणते ही बाई?"

पुढे दावीदला कोणी विचारलं की त्या क्षणी तुझ्या मनात काय आलं, तर त्याला सांगता येत नसे. हंड्याचं नाव निघालं तेव्हा आपल्याला लाज वाटली, एवढंच तो म्हणे. कारण सूडाचं तिचं बोलणं खरं होतं. नाकेदाराच्या भीतीनं आपण बोललो, हे त्यानं स्वतःला पटवलं होतं. पण तिचं बोलणं खोटं ठरताना आत कुठेतरी त्याला बरंही वाटलं होतं.

"साहेब," तो म्हणाला, "मी खोटं सांगितलं. ती झाड म्हणाली नाही."

शिरस्तेदाराची लेखणी थांबली.

"मग काय म्हणाली?"

दावीदनं सांगितलं. वेठ, भात, खोडा, शिवी, पहार, तिनं ज्या क्रमानं सांगितलं त्याच क्रमानं. साहेबाचा चेहरा लाल होत गेला, पण राग नेमका कोणावर आहे ते कळत नव्हतं.

"आधी खोटं का बोललास?"

"मला सांगितलं होतं."

"कोणी?"

"नाकेदार उदेसिंगनं. शाळेत येऊन."

"हाऊ हरामखोर झूट बोली ऱ्हायना!" उदेसिंग ओरडला. "सायेब, हाई बाई येडी शे. गावले इचारा!"

साहेबानं गावाला विचारलं. सुकराम पाटील पुढे आला आणि डोकं खाजवत म्हणाला, झाडावरूनच पडला सरकार, मी स्वतः पाहिलं. एकेक माणूस पुढे आणला गेला, आणि दावीदला प्रत्येकाचं बोलणं मराठीत सांगावं लागलं. झाड. झाड. झाड. तो अक्षरही न बदलता सांगत गेला.

साहेब वैतागला. "साक्षीदार नाही. दुभाषा एकदा खोटं बोललेला. मी काय करू? हिला विचार, हिच्याकडे पुरावा काय?"

दावीदनं विचारलं. रमीबाईनं नाल्याच्या दिशेला हात केला.

"त्याचे पाय जमिनीत आहेत. उकरून बघा."

दावीदनं हे मराठीत सांगायच्या आधीच मागची गर्दी खवळली. आतापर्यंत जे लोक नाकेदाराच्या भीतीनं खाली बघत होते ते आता वर बघून ओरडू लागले, आणि हा राग कोणी शिकवलेला नव्हता. पुरलेलं माणूस उकरायचं? गाव बुडेल. गुरं मरतील. धनुबाई पुढे धावली आणि सुनेच्या अंगावर थुंकली. "चेटकीण! जिवंतपणी त्याला खाल्लंस, आता मेल्यावर उकरतेस?"

"तू खरं बोल, मी उकरत नाही," रमीबाई म्हणाली.

धनुबाईनं तोंड पदरात दडवलं आणि ती मागे सरली.

साहेबाला हे प्रकरण एकदाचं संपवायचं होतं. त्यानं तालुक्याच्या गावी डॉक्टरला आणायला स्वार पाठवला आणि उकरण्याचा हुकूम दिला. पण नाल्याकाठी जमल्यावर हुकूम पाळायला कोणी पुढे येईना. शिपाई म्हणाले, साहेब, हे आमचं काम नाही. वेठीची माणसं कुदळी टाकून मागे सरली. त्यांच्यातल्या कोणी वेठीला दिलेला तो पहिला नकार, आणि तो रमीबाईच्या वाट्याला आला.

रमीबाईनं एक कुदळ उचलली. थोड्या वेळानं दावीदनं दुसरी उचलली.

"तू कशाला?" ती म्हणाली. "तुम्हां लोकांचा हात लागायला नको त्याला."

"दुसरं कोण आहे?"

तिनं इकडेतिकडे पाहिलं. कोणीच नव्हतं. ती खणू लागली.

नाल्याच्या दोन्ही काठांवर लोक उभे होते. आधी शिव्या आल्या, मग ढेकळं. एक ढेकूळ दावीदच्या कानशिलावर बसलं. मारणारा खात्याचा सख्खा भाऊ होता, लिंपणाऱ्यांत तोही होता. रमीबाईच्या पाठीवर चिखल थापला गेला. ती वर न बघता म्हणाली, "मारा. त्या दिवशी नाकेदाराला एक तरी ढेकूळ मारलं असतंत!"

घाण वास सुटला तेव्हा काठावरची माणसं मागे हटली. साहेबानं रुमाल नाकाला लावला. दावीदला ओकारी आली. तो बाजूला जाऊन ओकला आणि परत आला. शेवटची माती रमीबाईनं कुदळ टाकून हातानं बाजूला केली. गोधडी होती तशीच चिकटली होती. तिनं फक्त पायांवरची फाडली, तोंडावरची तशीच ठेवली.

स्वाराबरोबर आलेला डॉक्टर खड्ड्यात उतरला. हातात मोजे घालून त्यानं दोन्ही पाय पाहिले, काठीनं माप घेतलं, पुन्हा पाहिलं. दोन्ही नडग्या एकाच उंचीवर तुटल्या होत्या, एकाच रेषेत.

"झाडावरून पडून असं होतं का?" साहेबानं विचारलं.

"होणारच नाही, असं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाला. मग वर येऊन हात धुताना हळू म्हणाला, "पण मी असं कधी पाहिलेलं नाही."

मग साहेब घोड्यावर बसून नाक्याच्या मागे गेला. खोडा तिथेच होता. तो लपवावा असं उदेसिंगला सुचलंही नव्हतं. ती गोष्ट त्याच्या लेखी घोड्याच्या लगामासारखीच रोजची होती. साहेबानं तो सगळ्यांसमोर कुऱ्हाडीनं फोडायला लावला. फोडायला माणसं पिंपळखोरीचीच, आणि तेही फुकट.

इथे रमीबाईचा जय झाला असं कोणी सांगितलं तर ते खोटं आहे. धुळ्याला खटला उभा राहिला, पण पाहणाऱ्यांपैकी एकही जण बोलला नाही. खून सिद्ध झाला नाही. बेकायदा कोंडून ठेवल्याबद्दल उदेसिंगला दंड झाला, त्याची नोकरी गेली आणि तो त्याच्या गावी, सारंगखेड्याकडे, शेती करायला निघून गेला. कोर्टाच्या पायऱ्यांवर तो रमीबाईच्या शेजारून गेला तेव्हा हसला. तिनं चप्पल काढायला पायाकडे हात नेला, पण तिच्या पायात चप्पल कधी नव्हतीच.

दावीदला पाद्रीसाहेबानं बोलावून घेतलं. "ज्या हातांनी प्रेत उकरलं त्या हातांनी तू मुलांना पाटी धरायला शिकवणार?" तो म्हणाला. "आणि सगळ्यांसमोर तू कबूल केलंस की तू खोटं बोलतोस." टेकडीवरचं घर सोडावं लागलं. मरियमनं भांडी बांधली आणि वाटभर त्याच्याशी बोलली नाही. नवापुरात बैलगाड्यांची चाकं करणारा शब्बीर मिस्त्री होता. त्यानं दावीदला चाकांचे आरे तासायच्या कामावर ठेवलं. "गावात लोक तुझ्याबद्दल वाईट बोलतात," शब्बीर त्याला पहिल्याच दिवशी म्हणाला. "माझ्याबद्दलही बोलतात. रंधा धर."

पिंपळखोरीत त्या उन्हाळ्यात गुरांना रोग आला आणि गावानं रमीबाईचं खोपटं मोडलं. तिनं पुन्हा घातलं. तिच्याशी कोणी बोलत नव्हतं, तिला विस्तव देत नव्हतं, विहिरीवर ती आली की बाया हंडे उचलून निघून जात. पुढच्या हिवाळ्यात नव्या नाकेदाराचा वेठीचा सांगावा आला. सुकराम पाटलानं दवंडी दिली आणि सकाळी पाहिलं तर नाक्याच्या अंगणात कोणी नव्हतं. माणसं भात कापायला गेली होती. नव्या नाकेदारानं शिव्या दिल्या, धमक्या दिल्या. पण नाक्यामागची खोड्याची जागा रिकामी होती आणि हे त्यालाही ठाऊक होतं. शेवटी त्यानं मजुरी कबूल केली तेव्हा चार माणसं गेली. हे रमीबाईमुळे झालं असं पिंपळखोरीत एकाही तोंडातून निघालं नाही.

त्या साली होळीच्या सुमारास रमीबाई नवापुरात शब्बीरच्या कारखान्यासमोर येऊन उभी राहिली. दावीद आरा तासत होता. ती त्याच्याशी मागचं काहीच बोलली नाही. कसा आहेस हेही विचारलं नाही.

"वरच्या पाड्यावर एक बाई आहे," ती म्हणाली. "तिच्या पोराला तिकडच्या नाक्यावर झाडाला बांधून मारलं. हात गेला त्याचा. तिला साहेबापुढे बोलायचंय. तिला मराठी येत नाही."

"मला शाळेतून काढलंय. आता माझं कोण ऐकणार?"

"ते साहेबाला ठरवू दे. तू यायचं का नाही?"

"तुला माझ्यावर भरवसा आहे?"

"नाही," रमीबाई म्हणाली. "म्हणून तर मी तुझ्याजवळ उभी राहणार आहे."

मागच्या दारातून मरियम बाहेर आली. तिनं रमीबाईकडे पाहिलं, आणि दोघींच्याही नजरेत काही मऊ नव्हतं.

"पुन्हा?" मरियम नवऱ्याला म्हणाली. "या बाईसाठी?"

दावीदनं रंधा खाली ठेवला आणि अंगावरचा भुसा झटकला. "तिच्यासाठी नाही," तो म्हणाला.

मरियम आत गेली. आत भांड्यांचा आवाज झाला, जरा जास्तच जोरात. मग ती फडक्यात भाकरी बांधून घेऊन आली आणि गाठोडं रमीबाईच्या हातात न देता दोघींमधल्या ओट्यावर ठेवलं. रमीबाईनं ते उचललं नाही. दावीदनं उचललं, शब्बीरला सांगितलं, आणि तो तिच्यामागून डोंगराच्या वाटेला लागला. ती पुढे चालत होती आणि वळून बघत नव्हती.